नावापुढे ‘सी’ लिहिलं म्हणून कोणी सेंटर होत नाही

तुमचा २०२५च्या उन्हाळ्यातला प्रश्न थोडक्यात असा: एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधल्या सॅन होजे शार्क्सकडे सेलेब्रिनी आहे, विल स्मिथ आहे, वेनबर्ग आहे, आणि जून २०२५च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) मिसाही आला. चार सेंटर, म्हणजे मधून खेळणारे, झाले. मग त्यातला एखादा देऊन एक दणकट बचावपटू का आणू नये?

माझं उत्तर, नको. कारण चार सेंटर नाहीतच. मी मोजतो तेव्हा दोन भरतात, आणि त्यातल्या एकाचा, वेनबर्गचा, २०२४चा करार २०२६च्या उन्हाळ्यापर्यंतचाच होता.

आधी स्मिथ. २०२३च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेला पोरगा. बोस्टन कॉलेजात सेंटर खेळायचा, २०२३-२४मध्ये ७१ गुणांसह (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला दिलेले पास, मिळून) अख्ख्या अमेरिकी कॉलेज हॉकीत पहिला आला. एनएचएलमधल्या पहिल्या हंगामात ७४ सामन्यांत ४५ गुण, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही. पण हे कुठून केलं ते बघा. त्याला विंगवर, म्हणजे कडेला, सरकवला आणि तिथेच तो खुलला, तोही सेलेब्रिनीच्या बाजूला. संघाच्या यादीत काहीही लिहिलेलं असो, तिथे खुलल्यावर प्रशिक्षक त्याला सेंटर म्हणून पाठवत नव्हता. मग आपण कशाला मोजायचा?

मी खडकीचा, मैदानी हॉकी बघत वाढलो. इथे अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं मलाही वाटायचं की सेंटर म्हणजे आपला सेंटर फॉरवर्ड, मधून घुसून गोल मारणारा. तसं नाही. जुन्या पद्धतीच्या हॉकीतला सेंटर हाफ आणि सेंटर फॉरवर्ड एकाच माणसात कोंबा, मग बर्फावरचा सेंटर होतो.

पुढच्या वेळी शार्क्सच्या स्टेडियमला, एसएपी सेंटरला, जाल तेव्हा वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट काढा (कॅलट्रेनने डिरिडॉनला उतरलात की चालत पाच मिनिटं, पार्किंगचे पैसेही वाचतात). वरून सगळा रिंक दिसतो. शार्क्सच्या टोकाला फेसऑफ (दोन सेंटरच्या मधे पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू करणं) असला की पक विसरा आणि फक्त सेंटरवर डोळा ठेवा. फेसऑफ हरला की विंगर वर, निळ्या रेषेजवळच्या समोरच्या संघाच्या बचावपटूंवर नजर ठेवायला जातात. सेंटर मात्र खालीच राहतो, दोन बचावपटूंच्या जोडीला तिसरा. पक गोलच्या मागे गेला की हा मागे, कोपऱ्यात गेला की हा कोपऱ्यात, गोलसमोर कोणी मोकळा सुटला की त्याची काठी उचलायलाही हाच. हे वीस-पंचवीस सेकंद चालतं. मग पक मिळाला की त्याच दमात अख्खा रिंक कापून हल्ला उभा करायचा, आणि शिफ्ट, म्हणजे एका वेळची बर्फावरची पाळी, असते जेमतेम पाऊण मिनिटाची. विंगरची एक चूक बऱ्याचदा पचून जाते. सेंटर एकदा चुकीच्या बाजूला राहिला की गोलरक्षक उघडा पडतो.

हे काम अठराव्या वर्षी करणं म्हणजे खायचं काम नाही. सेलेब्रिनीने ते केलं. पदार्पणातच एक गोल, एक असिस्ट, मग दुखापतीने बारा सामने बाहेर, आणि तरी ७० सामन्यांत २५ गोल व ३८ असिस्ट. संघ २० जिंकला, ५० नियमित वेळेतच हरला, ५२ गुणांवर तळाला राहिला, त्या संघात हे आकडे. समोरच्यांची सगळ्यात चांगली लाइन (एकत्र उतरणारे तीन आघाडीवीर) रोज याच्याच नशिबी. (तो पहिल्या वर्षी शार्क्सचा जुना नावाजलेला सेंटर जो थॉर्नटनच्या घरी राहिला. सेंटरचं शिक्षण घ्यायला याहून बरी खानावळ मिळणार नाही.) त्याच्याबद्दल मला शंका नाही.

मिसाबद्दल शंका नाही, पण घाईही नाही. ओएचएल या कुमारांच्या लीगमधल्या सॅगिनॉकडून ६५ सामन्यांत ६२ गोल आणि १३४ गुण, आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्याआधीच्या हंगामात तो बराचसा विंगवर होता, म्हणजे सेंटर म्हणून पूर्ण वेळ एकच वर्ष. वर २०२५च्या नियमांची अडचण: या वयाच्या ओएचएलच्या पोराला एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये, पाठवता येत नव्हतं. एक तर एनएचएल, नाही तर परत सॅगिनॉ, मधली पायरीच नाही. वर ठेवला तर पहिलं वर्ष विंगवर गेलं तरी बिघडत नाही. पण मग तोही मोजणीतून गेला.

उरला वेनबर्ग. २०२४च्या उन्हाळ्यात दोन वर्षांसाठी आणलेला, वर्षाला ५० लाख डॉलर. लोक म्हणतात कंटाळवाणा आहे. असू दे की! आपल्या टोकाचे फेसऑफ, पेनल्टी किल (एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना केलेला बचाव), आघाडी टिकवायची शेवटची दोन मिनिटं, ही सगळी कटकट तो अंगावर घेतो, म्हणून पोरांना समोरच्या टोकाला सुरुवात करायला मिळते. हा माणूस काढा, म्हणजे हीच कटकट दुसऱ्या दिवशी सेलेब्रिनीच्या आणि मिसाच्या ताटात.

आणि गेल्या काळात किती जण गेले ते आठवा. कर्णधार कुट्यूरचा शेवटचा सामना जानेवारी २०२४मध्ये झाला, दुखापतीने कारकीर्दच संपवली. मार्चमध्ये हर्टल व्हेगासला. फेब्रुवारी २०२५मध्ये ग्रॅनलंड डॅलसला, मार्चमध्ये स्टर्म फ्लोरिडाला. सव्वा वर्षात चार सेंटर. हर्टलच्या बदल्यात आलेला एडस्ट्रॉम, तोही सेंटर, गोलरक्षक अस्कारोव्ह आणण्यासाठी नॅशव्हिलला दिला. यातला प्रत्येक सौदा मला एकेकटा पटतो, गोलरक्षकाचा तर फारच. पण बेरीज केली की मधली फळी रिकामी झालेली दिसते.

आणखी एक गोष्ट, जी यादी वाचून लक्षात येत नाही. सेलेब्रिनी, वेनबर्ग, मिसा, तिघेही डावरी काठी धरणारे. फेसऑफला पक बॅकहँडने स्वतःकडे ओढणं सोपं जातं, त्यामुळे डाव्या काठीवाल्याला डावं वर्तुळ सोयीचं. शेवटच्या मिनिटाला आपल्या टोकाच्या उजव्या वर्तुळात फेसऑफ पडला तर कोण? उजव्या काठीचा डेलँड्रिया, म्हणजे चौथ्या लाइनचा माणूस. तुम्ही देऊ म्हणताय, मला तर इथे आणायला हवा असं वाटतं.

एनएचएलमधल्याच बफेलोचं काय झालं ते डोळ्यांपुढे ठेवा. ड्राफ्टमध्ये २०१४ला दुसऱ्या क्रमांकावर राइनहार्ट, २०१५ला दुसऱ्या क्रमांकावर आयकल. मधे रायन ओ’रायली, वेनबर्गसारखीच सगळी जड कामं करणारा, पण त्याच्याहून कितीतरी सरस. जुलै २०१८मध्ये त्यांनी ओ’रायलीला सेंट लुइसला देऊन टाकलं. हिशोब तुमच्यासारखाच होता: आयकल आहे, २०१७चा मिटलस्टॅट तयार होतोय, तिसरा कशाला? एकोणीस वर्षांच्या मिटलस्टॅटवर दुसऱ्या सेंटरचं ओझं पडलं आणि तो चाचपडत राहिला. ओ’रायलीने २०१९मध्ये सेंट लुइसला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळवून दिला, प्लेऑफचा (हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडूही तोच. पुढे आयकल व्हेगासकडून जिंकला, राइनहार्ट फ्लोरिडाकडून, तोही विंगर होऊन. बफेलो २०११नंतर २०२५पर्यंत सलग १४ हंगाम प्लेऑफला पोचलं नाही. सगळं खापर त्या एका सौद्यावर फोडत नाही मी, पण तेव्हा बफेलोच्या लोकांनाही सेंटर भरपूर आहेत असंच वाटत होतं.

तेव्हा बचावपटू आणायचाच असेल तर विंगर द्या किंवा पुढच्या ड्राफ्टची पिक (निवडीचा हक्क) द्या. शार्क्सचा जनरल मॅनेजर ग्रीअरच्या जागी मी असतो तर आधी वेनबर्गशी पुढच्या कराराचं बोलणं सुरू केलं असतं. आणि ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला की एवढं बघा: एका गोलची आघाडी, दोन मिनिटं बाकी, आपल्या टोकाला उजव्या वर्तुळात फेसऑफ. प्रशिक्षक वॉरसोफ्स्की कोणाला पाठवतो ते इथे येऊन लिहा, मग परत मोजू.