तडा नक्की कुठपर्यंत आलाय?

प्रश्न: सर, आम्ही सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, ग्लास फायबर-इपॉक्सी लॅमिनेटची (एकावर एक चिकटवलेल्या थरांच्या पट्टीची) डीसीबी टेस्ट करतोय, म्हणजे एका टोकाला पट्टीचे दोन भाग ओढून थर उलगडतोय. थर उलगडताना तड्याचं टोक कुठंय यावर आम्हा तिघांचंही एकमत होत नाही, आणि तडा पुढं सरकला की जी-वन-सी (थर उघडून तडा पुढं न्यायला दर क्षेत्रफळामागं लागणारी ऊर्जा) वाढतच जातो. रिपोर्टात कुठला आकडा टाकायचा?

उत्तर: आधी टोक दिसू दे. सॅम्पलच्या कडेला व्हाइटनर लावा पण अगदी पातळ, जाड थर दिला तर तो स्वतःच उशिरा तडकतो आणि तुम्हाला फसवतो. या टेस्टचं स्टँडर्ड एएसटीएम डी५५२८ सांगतं तशा पहिल्या ५ मिमीत दर १ मिमीला खुणा करा, पुढं दर ५ मिमीला चालतील. मशीनचा स्पीड मिनिटाला १ ते ५ मिमी. डोळ्यानं वाचत बसू नका, मोबाईल स्टँडवर लावून लोडचा डिस्प्ले पण फ्रेममध्ये येईल असा व्हिडिओ घ्या, म्हणजे भांडणच मिटलं.

तुमचं लॅमिनेट काचेच्या धाग्याचं आहे हा फायदा घ्या ना, मागून टॉर्च मारा. सुटलेला भाग पांढुरका दिसतो आणि त्याची पुढची रेषा सरळ नसते, मधे पुढं गेलेली आणि कडेला मागं राहिलेली असते, म्हणजे तुम्ही तिघं ज्यावर वाद घालताय ते तड्याचं सगळ्यात मागचं टोक. शिवाय दोन्ही पट्ट्या टोकापाशी घट्ट आवळलेल्या नसतात, थोड्या फिरतात, म्हणून मोजलेल्या लांबीत डेल्टा नावाची थोडी जादा लांबी मिळवायची. कम्प्लायन्सचं (डिस्प्लेसमेंट भागिले लोड) घनमूळ आणि तड्याची लांबी यांचा ग्राफ काढा, रेघ लांबीच्या अक्षाला शून्याच्या मागं जिथं छेदते तेवढा डेल्टा.

आता वाढत्या आकड्याचं. ऊस सोलताना साल सुटते पण दोरे धरून राहतात, तसे टोकाच्या मागं धागे दोन्ही बाजूंना पकडून ताणलेले असतात, याला फायबर ब्रिजिंग म्हणतात. एकाच दिशेच्या धाग्यांत हे जास्त होतं, खऱ्या पार्टमध्ये थर वेगवेगळ्या कोनात असतात तिथं एवढा आधार मिळेलच असं नाही. त्यामुळे शेवटचा मोठा आकडा बघून खूष होऊ नका. लोड-डिस्प्लेसमेंटची रेघ जिथं वाकायला लागते तो एनएल (नॉन-लिनियर) पॉइंट, सुरुवातीची व्हॅल्यू तिथली द्या, सगळ्यात कमी आणि डिझाइनला सेफ तीच. पुढची वाढ आर-कर्व्ह (तड्याच्या लांबीप्रमाणे जी-वन-सीचा ग्राफ) म्हणून वेगळी दाखवा. आणि हो, तडा सुरू व्हायला थरांच्या मधे घातलेली फिल्म १३ मायक्रॉनपेक्षा जाड असेल तर तिच्या तोंडाशी रेझिन साचतं आणि सुरुवातीचा आकडाच खोटा मोठा येतो. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या शंकांचं मूळ हेच असतं, मशीन बिचारं उगाच बदनाम.

प्रश्न: चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पात्यांत पण थर असेच सुटतात का? (साताऱ्याहून)

उत्तर: सुटतात, पण तिथं उघडण्याबरोबर थरांचं एकमेकांवर घसरणं पण असतं. नुसत्या घसरण्यासाठी ईएनएफ टेस्ट (पट्टी वाकवून करायची) असते, तिच्यात तडा उघडतच नाही त्यामुळे कडेवरून टोक जवळपास दिसत नाही, तिथं डोळ्यापेक्षा कम्प्लायन्सवर विश्वास ठेवा. पात्यावर मात्र नाण्यानं ठोकून बघतात, सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो.