शॉर्टकट की लावताना आधी हे तपासा

विंडोजमध्ये रोज लागणारा फोल्डर किंवा प्रोग्रॅम एका दाबात उघडायचा असेल, तर वेगळं सॉफ्टवेअर कशाला? त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा, निवडून ऑल्ट+एंटर दाबा. 'शॉर्टकट' टॅबमधल्या 'शॉर्टकट की' चौकटीत क्लिक करून फक्त अक्षर दाबा, समजा के. कंट्रोल+ऑल्ट+के आपोआप उमटेल. ओके केलं की झालं.

आता अक्षर कुठलं निवडायचं, खरी मेख तिथेच आहे. ही की सगळीकडे लागू होते, त्यामुळे चालू प्रोग्रॅमची तीच की बंद पडते. कंट्रोल+ऑल्ट+१ दिलीत, तर वर्डमधलं 'हेडिंग १' गेलं. ४ तर देऊच नका: इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर उजवा ऑल्ट+४ म्हणजे ₹, आणि विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल+ऑल्टच समजतं. बिलात रुपयाचं चिन्ह टाकायला जाल आणि भलतंच काही उघडेल. नुसती एफ२ वगैरेही नको, फाइलचं नाव बदलणं अडेल.

शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेन्यूतच असू द्या. आवराआवरीत दुसऱ्या फोल्डरात हलवलात, तर ती की चालत नाही. नको असेल तर त्याच चौकटीत बॅकस्पेस दाबा.

सुरुवातीला दोन-तीनच लावा. हाताला वळण पडलं की पुढच्या.