शुभेच्छापत्रे करणाऱ्या मुलीने पुढे काय शिकावे?

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका आईने लिहिले आहे: ‘मुलगी बारावी वाणिज्य शाखेत आहे. दोन वर्षांपासून ती हाताने फिरवायच्या छोट्या डाय कटिंग मशीनवर शुभेच्छापत्रे तयार करते. गेल्या दिवाळीत तिची ६० कार्डे प्रत्येकी ८० रुपयांना विकली गेली. आता तिला ४० हजारांचे, संगणकाला जोडायचे कटिंग मशीन हवे आहे आणि पुढेही हेच काम करायचे आहे. तिच्या वडिलांच्या मते तिने बी.कॉम. करून नोकरी पाहावी. यात करिअर आहे का, की हा नुसता छंद आहे?’

सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेले कार्ड समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. संत्र्याच्या आठ फोडी वेगवेगळ्या कापून, प्रत्येकीखाली फोम टेपचे बारीक तुकडे लावून त्या किंचित उचललेल्या आहेत आणि शेजारच्या पानाच्या शिरा जाळीसारख्या कोरलेल्या आहेत. इतक्या बारीक नक्षीच्या डायमधून, म्हणजे आकार कापणाऱ्या धारदार साच्यातून, कागद न फाटता सोडवायला संयम लागतो. फोडी कापण्याचे काम डायने केले असले, तरी त्यांच्यामधले एकसारखे अंतर मात्र तिच्या हाताने आणि नजरेने साधलेले आहे. तिच्या क्षमतेचा पुरावा मला ६० कार्डांच्या विक्रीपेक्षा या अंतरात अधिक दिसतो.

याच कार्डाच्या घडीवर रंग फुटून पांढरी रेघ उमटली आहे, तीही तिला अवश्य दाखवावी. जाड कागदातील तंतूंना एक दिशा असते आणि त्या दिशेला आडवी घडी घातली की तंतू मोडतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिल्यास ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती घडीची बाजू समजावी. आपल्याकडे मे महिन्यात कागदातला ओलावा उडून तो अधिकच ठिसूळ होतो, म्हणून उन्हाळ्यात आधी क्रीझ, म्हणजे घडीच्या जागी दाबून खोलगट रेघ, पाडल्याशिवाय घडी घालूच नये. हे मी तिच्या कामात खोट काढण्यासाठी लिहीत नाही. ती ज्या टप्प्यावर आली आहे, तिथून पुढे कागदाचे शास्त्र सुरू होते आणि ते तिने रीतसर शिकावे, असे मला मनापासून वाटते.

तिच्या घरच्या मशीनमध्ये पातळ पोलादी डाय कागदावर धारेच्या बाजूने ठेवून, दोन प्लास्टिक प्लेटांमध्ये दाबून रोलरमधून काढली जाते. शहरातील लग्नपत्रिका आणि खोके जिथे पंच होतात, म्हणजे डायने दाबून कापले जातात, तिथेही तत्त्व हेच असते. फक्त तिथे प्लायवूडमध्ये खाचा कापून त्यांत पोलादी पत्ती वाकवून बसवतात, कापलेला कागद डायमध्ये अडकू नये म्हणून पत्तीच्या कडेने रबर चिकटवतात आणि जिथे घडी हवी तिथे धार नसलेली, थोडी कमी उंचीची पत्ती लावतात. संत्रा बर्फीचा खोका उघडून सपाट केला, तर ही सगळी कारागिरी एका तुकड्यात पाहायला मिळते. आपण ज्याला छंद म्हणता त्याचे हेच मोठे रूप आहे आणि त्याला पॅकेजिंग म्हणतात.

म्हणून शिक्षणाचे दोन मार्ग सुचवतो. पहिला नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातील पॅकेजिंग टेक्नॉलॉजीच्या तीन वर्षांच्या पदविकेचा. तिथे प्रवेश दहावीच्या गुणांवर होत असल्यामुळे वाणिज्य शाखेची अडचण येत नाही. दुसरा मार्ग उपयोजित कलेतील चार वर्षांच्या बी.एफ.ए. पदवीचा आहे, ज्यासाठी राज्य सीईटी कक्षाची कला शाखेची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि वस्तुचित्र, संकल्पचित्र व स्मरणचित्र यांचा नियमित सराव करावा लागतो. नागपुरातच शासकीय चित्रकला महाविद्यालय असल्याने घर सोडण्याची गरज नाही. तिचे कार्ड पाहता माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण तिचा हात चित्रापेक्षा रचनेत अधिक रमतो. मात्र तिने काही रेखाटने पाठवली, तर मी हे मत बदलूही शकेन.

आता मशीनविषयी. आपण लिहिता की एका कार्डाचे साहित्य २२ रुपयांचे असते, म्हणजे ५८ रुपये नफा. पण त्याच पत्रात एका कार्डाला ५० मिनिटे लागतात असेही आहे. तिच्या तासाची किंमत केवळ ६० रुपये धरली, तरी श्रमाचे ५० रुपये होतात आणि हातात उरतात ८ रुपये. फसलेली कार्डे, झिजून वाकलेल्या प्लेटा आणि पाकिटे यांचा खर्च त्यातूनच भागवायचा आहे. संगणकावरचे मशीन कापण्याचा वेळ वाचवील, परंतु तिचा बहुतेक वेळ जुळवणी आणि चिकटवण्यात जातो, त्यामुळे ४० हजार रुपये खर्चून जिथे अडते ती जागा मोकळी होणार नाही. या वर्षी हे मशीन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मशीन ज्या फायलींवर चालते, त्या आखण्याचे व्हेक्टर, म्हणजे रेषा आणि आकार आखण्याचे, सॉफ्टवेअर विनाशुल्क उपलब्ध आहे, ते तिने आधी शिकावे. कर्जाचा विचारही आता नको. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि तोपर्यंत तिच्याजवळ हिशेबाची एक भरलेली वही तयार होऊ शकते.

परीक्षा संपल्यावर ओळखीच्या एखाद्या छापखान्यात तिला आठ-दहा दिवस पंचिंगचे काम पाहण्यासाठी पाठवावे. जिथे दाब कमी पडतो तिथे कारागीर खालून कागदी पट्ट्या कशा लावतो, हे पुस्तकातून शिकणे अवघड असते. एक काळजी मात्र घ्यावी. ही मशीन बोटांसाठी धोकादायक असतात, म्हणून तिने फक्त पाहावे, चालत्या मशीनला हात लावू नये.

तिच्या वडिलांची चिंता रास्त आहे आणि ती त्यांनी तिच्यासमोर आकड्यांत मांडली, तर तिला तिचा उपयोगच होईल. येत्या दिवाळीसाठी तिने एकाच नमुन्याची ३० कार्डे करावीत, कापणी, जुळवणी आणि चिकटवणी यांचा वेळ वेगवेगळा लिहावा आणि वहीतला हिशेब वडिलांनी तपासावा. ती वही आणि चार-पाच रेखाटने घेऊन आपण तिघेही मला भेटायला यावे.