दोन दिवसांत सातारा जिल्ह्यातले डोंगरातले आणि पाणथळीतले पक्षी दोन्ही बघून होतील का?

होतील, पण डिसेंबर ते फेब्रुवारीत या आणि पहिली सकाळ खटावकडच्या येरळवाडी-मायणीला द्या, महाबळेश्वर दुसऱ्या दिवशी. मी तिथल्याच वडूजचा, हिवाळ्यातले बहुतेक रविवार येरळवाडी धरणाच्या काठावरच जातात. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित (फ्लेमिंगो) चोच उलटी बुडवून तो गाळत बसतात. पट्टकादंब, चक्रवाक हे हिवाळी पाणपक्षीही दिसतात. ऊन चढलं की पाण्यावर झळा येतात, दुर्बिणीतून नुसतं थरथरतं, म्हणून सकाळ. महाबळेश्वरच्या रानात पक्षी आधी कानाने शोधायचे (शीळकरी कस्तूराची खरी शीळ पावसाळ्यातली, तो वेगळा दौरा). मात्र परतीचा पाऊस दणकून झाला तर धरण काठोकाठ राहतं, उथळ पाणी उरत नाही आणि रोहित येतीलच असं नाही. निघण्याआधी वडूजमधल्या कुणाला तरी विचारा.