पॅरिसला इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन शिकायला यावं का?

तुमचा प्रश्न असा: पुण्यातून अर्थशास्त्रात एम.ए., नंतर मराठवाड्यात चार वर्षं पाणलोटाचं काम, आणि आता इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन (म्हणजे एखाद्या योजनेचा खरा परिणाम किती झाला ते मोजणं) शिकायला पॅरिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा ‘पब्लिक पॉलिसी अँड डेव्हलपमेंट’ हा दोन वर्षांचा मास्टर्स करावा का? गणित कच्चं आहे, फ्रेंच येत नाही, पैशांची काळजी आहे. मी हाच कोर्स करून इथेच नोकरीला लागले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यायचं असेल तर जरूर या, पण गणित तिथूनच पक्कं करून या. एम.ए.ला मला इकॉनोमेट्रिक्समध्ये (आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासण्याच्या विषयात) चांगले मार्क होते, तरी मॅट्रिक्समध्ये मांडलेलं रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजणारं समीकरण, मला इथे वाचता येत नव्हतं. पहिल्या परीक्षेत वीसपैकी नऊ मिळाले. (इथे दहाला पास आणि चौदा म्हणजे खरोखर चांगले; बारा पाहून खचू नका.) मॅट्रिक्सचं बीजगणित, संभाव्यता आणि ‘आर’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर एवढं तरी हाताखालून गेलेलं हवं. नुसते व्हिडिओ बघून ते येत नाही. एखादा खराखुरा डेटा घ्या, त्यात रोज अडका आणि रोज त्यातून वाट काढा.

तुमच्या चार वर्षांच्या कामाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय. माझ्या मते तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं तेच आहे. एका सेमिनारमध्ये मी जलयुक्त शिवारचा आलेख दाखवला होता: कामाआधी विहिरींची पातळी अमुक, कामानंतर तमुक. प्राध्यापकांनी एकच विचारलं, “ही गावं निवडली कशी?” टंचाईची गावं आधी घेतली होती. 2014 आणि 2015 अशी दोन्ही वर्षं पाऊस कमी, 2016 ला चांगला. म्हणजे एकही बंधारा झाला नसता तरी विहिरी वर आल्याच असत्या. सबंध विषयाचा गाभा हाच: योजना नसती तर काय झालं असतं?

एका वर्गमित्राने सुचवलं, न निवडलेली शेजारची गावं तुलनेला घे, डिफ-इन-डिफ कर, म्हणजे योजनेच्या आणि बाकीच्या गावांतला आधी-नंतरचा फरक ताडून बघ. तेव्हा मात्र मला बोलता आलं. वरच्या गावाने नाला अडवला की खालच्या गावाचं पाणी कमी होऊ शकतं, किंवा मुरलेलं पाणी झिरपून त्याच्या विहिरीत उतरू शकतं. मग शेजारचं गाव योजनेपासून अलिप्त राहिलं कुठे? आणि टँकर बंद झाला म्हणजे पाणी आलं असंही नाही. कधी प्रस्तावच तहसीलला पडून असतो. पुढचा अर्धा तास चर्चा यावरच चालली आणि माझा प्रबंध त्यातूनच निघाला. हे पुस्तकात नव्हतं, गावात पाहिलेलं होतं.

रँडमाइझ्ड ट्रायल (योजना कुणाला द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली चाचणी) समजून घ्यायला मुंबई आणि वडोदऱ्याचा बालसखी अभ्यास वाचा. ‘प्रथम’ या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेने महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुणी शिकवायला नेमल्या. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी मिळाली, काहींत दुसऱ्या इयत्तेला, त्यामुळे शाळा एकमेकींच्या तुलनेला आल्या आणि कुठलीच शाळा रिकाम्या हाती राहिली नाही. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडेन यांचा हा शोधनिबंध 2007 चा आहे. नुसते निष्कर्ष वाचून सोडू नका, शाळांची वाटणी कशी केली तो भाग दोनदा वाचा.

आता पैसे. व्हिसासाठी महिन्याला 615 युरो दाखवावे लागतात, पण पॅरिसमध्ये खोलीभाडं आणि जेवण तेवढ्यात भागत नाही. सिते युनिव्हर्सितेर या विद्यार्थी वसाहतीतल्या ‘मेझाँ द लँद’मध्ये (भारत भवनात) खोलीसाठी प्रवेश मिळताच अर्ज करा, तिथून बुलेव्हार्ड जुर्दांवरचं कॉलेज चालत जाण्याएवढं जवळ आहे. बाहेर घर घ्यायचं तर घरमालक हमीदार मागतो. फ्रान्समध्ये आपलं कोण असतं? तिशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ‘विझाल’ ही भाड्याची हमी फुकट मिळते, ती घ्या. मला हे कोणी सांगितलं नाही आणि दोन महिने लोकांच्या सोफ्यावर काढावे लागले. आल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, हे विसरू नका. वर्षाला 964 तास काम करता येतं, पण पहिल्या सत्रात काम धरू नका.

वर्ग इंग्रजीत असतात. बँक, भाडेकरार, डॉक्टर आणि बहुतेक सरकारी कार्यालयांतली इंटर्नशिप फ्रेंचमध्ये. पुण्यातच बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील एवढ्या मधल्या पातळीपर्यंत, फ्रेंच शिकून या.

अर्जातल्या निवेदनात ‘मला समाजासाठी काही करायचंय’ असं लिहू नका. तुमच्या तालुक्यातला एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर मिळवायला तुमच्याकडे पद्धत नव्हती. मसुदा झाला की मला पाठवा, रविवारी वाचून कळवते.