हातोडी बसते खिळ्यावर, मुंग्या येतात हाताला

गेल्या महिन्यात याच सदरात मी लिहिलं होतं, की हातोडीच्या दांड्यावर जाड रबर चढवणं म्हणजे दुखऱ्या दाढेत लवंग धरणं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की यावेळी दुसरा विषय घ्यायला जागाच उरली नाही.

प्रश्न : मी शटरिंगचं आणि छपराचं काम करतो. संध्याकाळी उजव्या हाताला झिणझिण्या येतात, चहाचा ग्लास धरवत नाही. जाड रबरी मुठीची महागडी हातोडी घेतली. फरक पडला, पण अर्धाच. रबर हलकं निघालं का? (सुतार, डिचोली)

मेस्त, रबर चांगलंच असेल. त्याला झेपणारं काम त्याने केलं, उरलेलं त्याच्या हातातलं नाही.

हातोडीचा त्रास म्हणून आपण जे एका शब्दात बोलतो, त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे उसळी. डोकं खिळ्यावर आपटून मागे येतं आणि दांडा मुठीत झटका देतो. दुसरी म्हणजे दांड्याची थरथर. ठोका बसला की दांडा वाकतो, उलटा वाकतो, आणि देवळातल्या घंटेसारखा थोडा वेळ वाजत राहतो, फक्त आवाज कानाऐवजी तळव्याला ऐकू येतो. लाकडी दांड्याची ही थरथर साधारण काहीशे हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला काहीशे हेलकाव्यांची असते, आणि आपल्या तळव्याची कातडी नेमकी २५० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात हळवी. तिसरी गोष्ट तुमची स्वतःची मूठ. घट्ट आवळलेली मूठ जास्त थरथर आत घेते, आणि कोपरापर्यंतचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात ते वेगळंच.

रबर यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीवर चालतं, तेही वरच्या पट्टीतल्या थरथरीवर. उसळी त्यातून आरपार जाते. मूठ फार जाड झाली, तर उलट जास्त आवळून धरावं लागतं. दांडा मुठीत धरल्यावर अंगठा तर्जनीच्या टोकापर्यंत पोचत नसेल, तर ती मूठ तुमच्या हातासाठी नाही, मग किंमत काही का असेना.

आता एक प्रयोग करा, पैसे पडत नाहीत. हातोडी डोकं खाली करून लटकवा आणि दांडा फक्त अंगठा आणि एका बोटात हलकेच धरा. दुसऱ्या हाताने लाकडाच्या तुकड्याने डोक्याच्या तोंडावर टकटक करा. बोटांना गुणगुण जाणवेल. बोटं दोन-दोन सेंटिमीटर सरकवत जा. एका जागी गुणगुण जवळजवळ मरते. तिथे खडूची खूण करा. दांडा वाजतो तेव्हा ही जागा जागच्या जागी राहते, बाकीचा दांडा तिच्या दोन्ही बाजूंना डोलतो. ती बहुधा दांड्याच्या मोकळ्या टोकापासून पाव लांबीवर सापडते. माझ्या बाकावरच्या ३२ सेंटिमीटर दांड्याच्या हातोडीत ती टोकापासून ८ सेंटिमीटरवर आहे. मूठ त्या खुणेभोवती बसली पाहिजे. छपरावर अवघडून बसल्यावर आपण दांडा अर्ध्यावर धरतो, आणि तिथे थरथर पुन्हा जोरात असते. तुमचा उरलेला अर्धा त्रास यात असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

मूठ सैल सोडली तर ठोका कमजोर होईल, अशी शंका सगळेच काढतात. हिशेब बघा. अर्ध्या किलोचं डोकं सेकंदाला ६ मीटर वेगाने आलं, तर त्याचा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, ३ न्यूटन-सेकंद. डोकं खिळ्याला टेकलेलं असतं ते एखाद्या मिलिसेकंदापुरतं. तेवढ्या वेळात तुम्ही चांगला ५ किलोचा जोर लावून दाबलंत, तरी भर पडते ०.०५ ची, म्हणजे साठावा हिस्सा. खिळा आत जातो तो डोक्याच्या वेगाने. वेग देऊन झाला, की ठोका बसायच्या क्षणी मूठ फक्त दांडा निसटू नये इतपत धरा. जुने मेस्त बघा, त्यांची करंगळी आणि अनामिकाच काय ती धरलेली असते.

प्रश्न : लाकडी, लोखंडी की फायबर? एका वाक्यात सांगा. (म्हापसा)

लाकडी. एकच वाक्य मागितलंत, पण एक गोष्ट सांगतोच. नोकरीला लागलो तेव्हा कारखान्यात दांडे मोडायचे, म्हणून मी शहाणपणाने एका हातोडीला लोखंडी पाइप वेल्ड करून दिला. दांडा कधीच मोडला नाही. दोन दिवसांनी फिटरने ती हातोडी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, ‘सायबा, आता तूच मार.’ मी दहा ठोके मारले आणि पाइप कापून टाकला. लोखंडात थरथर जिरत नाही, ती वाजतच राहते. लाकडाचे धागे ती किती तरी लवकर गिळतात. शिवाय दांडा जड झाला, की हातोडीचं वजन डोक्यातून मुठीकडे सरकतं आणि उसळीचा झटका वाढतो. वजन सगळं डोक्यात आणि दांडा हलका, ही मांडणी हाताला सोसते. फायबर या दोघांच्या मध्ये, आणि पावसात सडत नाही हा त्याचा मोठा गुण.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. हादरा कमी करणारी हातोडी हा आमचा प्रकल्प. दांडा पोकळ करून मुठीच्या मधोमध स्प्रिंगवर २० ग्रॅमचं वजन बसवलं आहे. थरथर २०० हर्ट्झची आहे. गणितात छान उतरतं, हातात काहीच फरक जाणवत नाही. (चार विद्यार्थी, फोंडा)

मुलांनो, कल्पना जुनी आणि भक्कम आहे. हरमान फ्राम या जर्मन अभियंत्याने १९०९ च्या सुमारास कंप शोषणाऱ्या जोडवजनाचं पेटंट मागितलं, तेच हे. भिंत फोडायच्या चांगल्या विजेच्या हॅमरमध्ये आजही असं जोडवजन असतं. तुमचं अडलंय दोन ठिकाणी.

एक, जागा. वर डिचोलीच्या मेस्तांना सांगितलेला प्रयोग तुम्हीही करा. मुठीच्या मधोमध म्हणजे जवळजवळ त्या शांत जागेवरच तुम्ही वजन बसवलंय. जिथे दांडा हलतच नाही, तिथे ते वजन कशाला हलेल? त्याला दांड्याच्या अगदी टोकाला न्या, तिथे डोलणं सर्वात जास्त.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. २०० हर्ट्झला २० ग्रॅम जुळवायचं तर स्प्रिंगचा ताठपणा मीटरला सुमारे ३२,००० न्यूटन हवा. म्हणजे तिच्यावर १ किलो ठेवलं तर ती जेमतेम ०.३ मिलिमीटर दबेल. बाजारात पेनातली किंवा क्लचमधली स्प्रिंग शोधून हे जमत नाही. समजा जमवलंत, तरी फ्रामची युक्ती एकाच वारंवारतेवर सतत चालणाऱ्या यंत्रासाठी आहे. हातोडीचा ठोका म्हणजे एक फटका, आणि काही शतांश सेकंदांत सगळं संपलेलं. शिवाय मूठ धरली की दांड्याची वारंवारता आणि जिरण (थरथर किती लवकर मरते ते) दोन्ही बदलतात, प्रत्येकाच्या मुठीप्रमाणे वेगळी. तुम्ही जुळवलेलं वजन बापाच्या हातात चालेल, मुलाच्या हातात नाही.

मी तुमच्या जागी असतो तर स्प्रिंग काढून क्रिकेटची बॅट हातात घेतली असती. तिची मूठ उभी चिरून बघा (जुनी घ्या, धाकट्या भावाची नको). आत वेताच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रबराच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या दिसतील. दांडा वाकला की वेताचे थर एकमेकांवर सरकू पाहतात, मधलं रबर तिरकं ताणलं जातं आणि कंपाची ऊर्जा त्याच्यात उष्णता होऊन संपते. याला कुठली वारंवारता जुळवावी लागत नाही. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटर रबर, लांबीने दांड्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त, आणि डोक्याजवळचा भाग अखंड ठेवा. तिथे ताकद हवी, नाहीतर परीक्षेच्या दिवशी डोकं परीक्षकांच्या दिशेने जाईल.

मोजणीबद्दल. फोनचा कंपमापक सेकंदाला काहीशेच नोंदी घेतो, २०० हर्ट्झची थरथर त्याला नीट दिसणारच नाही. फोनचा माइक मात्र सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतो. दांडा वाजवा, आवाज रेकॉर्ड करा, कुठल्याही फुकट अ‍ॅपमध्ये त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेचा आवाज किती याचा आलेख, काढा. वारंवारता मिळते, आणि आवाज किती लवकर मरतो यावरून जिरणही कळते. ठोका दरवेळी सारखाच हवा, तेव्हा हातोडी लंबकासारखी टांगून ठरावीक उंचीवरून सोडा. ‘जोरात मारलं’ हे माप नाही.

उसळी थोपवायची असेल, तर तो वेगळाच प्रकल्प आहे. डोकं पोकळ करून आत लोखंडी छर्रे भरायचे, पूर्ण नाही, थोडी जागा मोकळी ठेवून. डोकं मागे उसळायला निघतं त्याच क्षणी मागून आलेले छर्रे आत पुढच्या भिंतीवर आपटतात आणि उसळी गिळून टाकतात. गॅरेजवाल्यांकडे अशी प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी असते. खिळे मारायला ती चालत नाही.

प्रश्न : वडिलांची बाभळीच्या दांड्याची हातोडी पावसात घट्ट असते, शिगमो जवळ आला की डोकं हलायला लागतं. पाण्यात बुडवली की पुन्हा घट्ट. हे दरवर्षी करावं लागतं आणि दरवर्षी सैलपणा वाढतोय. (सत्तरी)

तुमचं पाणीच तो सैलपणा वाढवतंय. लाकूड भिजून फुगतं, पण भोवती लोखंड असल्याने त्याला जागा नसते, मग त्याचे धागे आतल्या आत चिरडले जातात. वाळल्यावर लाकूड आधीपेक्षा बारीक होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच भिजलेली असते, म्हणजे निम्मं काम ती करते आणि उरलेलं तुमची बादली.

दांडा काढा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, लाकूड सर्वात सुकं असताना, नव्याने बसवा. वरच्या खाचेत सुक्या कठीण लाकडाची पाचर ठोका आणि तिला आडवी एक लोखंडी पाचर. वर उघडं राहिलेलं लाकूड अळशीच्या तेलाने दोन-तीनदा भरून काढा. खोबरेल नको, ते वाळत नाही. आणि हलणाऱ्या डोक्याची हातोडी तोवर वापरू नका. डोकं उडण्याची भीती आहेच, शिवाय सैल डोकं प्रत्येक ठोक्याला दोनदा हादरा देतं.

नवा दांडाच घ्यायचा झाला तर धावडा मिळतो का बघा. मात्र कुठल्याही लाकडात रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच बाजूला निघालेली रेष म्हणजे मोडायची जागा आधीच आखून ठेवलेली.

प्रश्न : चिरे घडवतो. हातोडा उजव्या हातात, पण दुखतो डावा. लोक हसतात. (गवंडी, पेडणे)

हसणाऱ्यांना सांगा, की अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी १९१८ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या चुनखडीच्या खाणकामगारांचे हात तपासले, तेव्हा त्यांनाही छिन्नी धरणारा हातच जास्त बिघडलेला दिसला. त्यांची हत्यारं हवेवर चालणारी होती, पण कारण तेच. हातोड्याला दांडा असतो, जो थोडं तरी गिळतो. छिन्नी म्हणजे निव्वळ लोखंड, आणि तुमची बोटं थेट तिच्यावर.

छिन्नीवर जाड रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवा. तुमच्या बाबतीत रबर खरंच कामाला येतं. छिन्नी बोटांनी धरा, तळव्यात आवळू नका. तिचं वरचं टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलं असेल तर घासून सरळ करा. पसरलेल्या टोकावर ठोका तिरका बसतो, आणि त्याच्या उडालेल्या कपच्या डोळ्यात जातात. धार मेलेली छिन्नी वापरू नका, जे दगडात जात नाही ते हातात येतं. बाकी चिरा खाणीतून ताजा आला की मऊ असतो आणि वारा खाऊन कठीण होतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण कंत्राटदाराला सांगा, की महिनोन्‌महिने उघड्यावर पडलेले चिरे घडवायला दिले तर मजुरी वेगळी.

प्रश्न : धाकटा भाऊ बार्जवर चिपिंग मशीनने गंज काढतो. बोटं बधिर होतात, रात्री जाग येते. तो म्हणतो, यंत्राच्या हादऱ्यांनी होणारा रोग असता तर बोटं पांढरी पडली असती, इंटरनेटवर तसंच आहे. हातमोजे घेऊन देऊ का? (वास्को)

बोटं पांढरी पडतात ती थंडीत, आणि ती वर्णनं थंड देशांतली आहेत. गोव्याच्या उकाड्यात तो पांढरेपणा कधी दिसणारही नाही. आपल्यासारख्या हवेत आधी दिसतं ते बधिरपण आणि मुंग्या. तेव्हा पांढरी पडली नाहीत म्हणजे काही नाही, हा दिलासा खोटा आहे.

हातमोज्यांवर भिस्त ठेवू नका. ती मशीन मिनिटाला दोन-तीन हजार ठोके मारते, म्हणजे ३० ते ५० हर्ट्झ. कंपरोधक म्हणून विकले जाणारे मोजे त्यापेक्षा बऱ्याच वरच्या वारंवारतेवर उपयोगी पडतात. हात सुके आणि उबदार राहतील, इतकाच फायदा धरा.

उपयोग होतो तो वेळ कमी करण्याचा. युरोपच्या २००२ च्या नियमानुसार आठ तासांच्या दिवसाला सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग कंप झाला की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. यंत्राचा कंप १० असेल, तर पहिली पातळी अर्ध्या तासात गाठली जाते आणि दुसरी दोन तासांत. हे तास बटण दाबलेल्या वेळाचे, जेवणाची सुट्टी धरून नव्हे. यंत्राचा आकडा त्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, जुन्या झिजलेल्या यंत्राचा त्याहून जास्तच धरा. दोघांनी आलटून पालटून चालवलं तर प्रत्येकाचा वेळ निम्मा होतो, त्याला नवं यंत्र लागत नाही.

भावाला शर्टाची बटणं न बघता लावायला सांगा. अडखळला, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना यंत्राचं मॉडेल, किती वर्षं आणि दिवसाला किती तास चालवतो, हे एका कागदावर लिहून न्या. नाहीतर दुखणं मानेतलं समजून मानेचा एक्स-रे काढून घरी पाठवतात.