ब्रिटनमध्ये गाण्यांशिवाय दिवसभर चालणारं रेडिओ स्टेशन आहे का? त्यावर काय लागतं?

आहे ना, बीबीसी रेडिओ ४. हे १९६७ पासून सुरू आहे. पहाटे समुद्री हवामान: व्हायकिंग, डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी एकेका सागरी भागाची नावं, मग वारा, पाऊस, दृश्यता. मासेमारीशी काडीचा संबंध नसलेले लोकही हे कान देऊन ऐकतात, आणि खरंच, ऐकत राहावंसं वाटतं. सहापासून 'टुडे', मंत्र्यांची थेट उलटतपासणी. पुढे १९४६ पासूनचा 'वुमन्स आवर', दुपारी नाटक, साडेसहाला विनोदी कार्यक्रम, सातला १९५१ पासून चाललेली खेड्यातली मालिका 'द आर्चर्स'. रात्री पुस्तकवाचन. मला विचाराल तर सुरुवात नाटकांपासून करा. नुसत्या आवाजांवर अख्खं घर उभं करतात.